पोराचे बाबा चार वर्षांपासून मिल सुरू व्हायची वाट पाहून राहिले, काय करू?

पत्र आधी थोडक्यात देते, म्हणजे बाकीच्यांनाही समजेल.

"ताई नमस्कार. आम्ही हिंगणघाटच्या बाजूच्या खेड्यातले. पोराचे बाबा २१ वर्षं सूतगिरणीत होते, आधी रिंग फ्रेमवर म्हणजे सूत कातायच्या मशीनवर, मग मेंटेनन्सला फिटर. चार वर्षांआधी गिरणी बंद पडली, हिशोब काहीच भेटला नाही. तवापासून घरीच आहेत, वय ४८. तीन एकर कोरडवाहू वावर आहे ते मीच पाहते, आन रोजानं दुसऱ्याकडं निंदाले, कापूस वेचाले जाते. हे रोज सकाळी सातच्या पाळीच्या टायमाला आंघोळ करून पारावर जाऊन बसतात. कोणी म्हटलं की नवीन पार्टी मिल घेऊन राहिली, तं दोन दिवस चेहरा खुलते, मग परत तसंच. रोजानं जायची लाज वाटते म्हणतात. भाऊ चाकणले आहे, तो म्हणते सगळे या इकडं, भाऊजीले सिक्युरिटीत लावून देतो. पोरगा आयटीआयले इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला, पोरगी दहावीत. मागच्या महिन्यात म्हणाले, माझा आता काय उपयोग, मी नसलो तं तुमचं बरं चालन. दारू पित नाहीत, भांडत नाहीत, नुसते चुप राहतात. त्यांना बोलू का चुप राहू? आन पुण्याले जाऊ का? नाव छापू नका."

ताई, नाव छापत नाही. बाकी सगळं नंतर, आधी त्या एका वाक्यावर बोलते. "मी नसलो तं तुमचं बरं चालन" हे ते सहज बोलले असतील, थकून बोलले असतील, तरी सोडून देऊ नका. आजच पोरं झोपली की त्यांना सरळ विचारा, जिवाचं काही करून घ्यायचं मनात येते का. असं विचारलं की नसलेला विचार डोक्यात घुसते असं लोक म्हणतात, पण तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. फवारणीचं औषध घरात असेल तर आजच बाहेर काढा, दुसऱ्याच्या गोठ्यात कुलुपात ठेवा आणि चावी तुमच्याजवळ. ते हो म्हणाले किंवा नुसते रडले तरी १४४१६ वर फोन करा, टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात आणि मराठीत बोलतात. सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे, तिथं घेऊन जा, आणि "डोक्याच्या डॉक्टरकडं काहून" असं म्हणाले तर सांगा की झोप लागत नाही त्यासाठी चाललो, हे खोटंही नसेल कारण चार वर्षं असं बसलेल्या माणसाला नीट झोप लागत नाही. मनात काही ठरवल्यासारखं वाटलं तर त्या रात्री एकटं सोडू नका, भाऊ-भासऱ्याला बोलावून घ्या.

आता पुढचं. तुम्ही पत्रात कुठंही त्यांना आळशी म्हटलं नाही हे मला फार आवडलं, कारण गावात सगळे तेच म्हणत असतील. माझे बाबापण मिलमध्ये होते. आमच्या गावची मिल बंद झाली तेव्हा मी नववीत होते आणि पुढची सात वर्षं मी हेच पाहिलं, तीच सकाळची आंघोळ, तेच इस्त्रीचं शर्ट, दर रविवारी पान्यांना तेल लावून परत फडक्यात गुंडाळून ठेवणं, आणि "पुढच्या महिन्यात सुरू होते म्हणून राहिले". आई चिडायची, मीपण चिडायचे. खूप नंतर समजलं की त्या सात वर्षांत बाबांनी हिशोबाचा एक अर्जसुद्धा केला नव्हता, ग्रॅच्युइटीचा (नोकरी संपली की मालकानं द्यायची रक्कम) नाही, पीएफचा नाही, काहीच नाही. ट्रंकेत सगळे कागद होते, नीट लावलेले. पण अर्ज केला असता तर मिल संपली हे स्वतःच्या हातानं लिहून दिल्यासारखं झालं असतं, आणि तेच त्यांच्यानं होत नव्हतं. ते गेल्यावर मी आणि आईनं चकरा मारल्या, थोडे पैसे आले, बरेच बुडाले. तुमच्या पत्रात "हिशोब काहीच भेटला नाही" असं वाचलं आणि मला पहिला प्रश्न हाच पडला, मागितला का? संघटनेनं मागितला असेल ते वेगळं, त्यांनी स्वतः, स्वतःच्या नावानं, लेखी मागितला का?

माझ्या मते सगळं इथं अडलेलं आहे. काम नसणं एक झालं आणि काम परत येईल म्हणून थांबून राहणं दुसरं झालं, आणि माणसाला आतून खाते ते हे दुसरं, कारण थांबलेला माणूस दुसरं काहीच हातात घेत नाही, घेतलं आणि उद्या भोंगा वाजला तर?

तर मिल सुरू होणार का? त्यांना खोटी आशा द्यायची नाही आणि तोडूनही बोलायचं नाही, पण जे झालं ते एकदा घरात पूर्ण बोललं पाहिजे, कारण हे त्यांच्या एकट्याच्या गिरणीचं नाही हे त्यांनाही ऐकायची गरज आहे. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली ती १ जानेवारी १८७७ ला. मुंबई सोडून इथं काहून काढली, तर कापूस इथं, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत आलेली. तेच गणित घेऊन मग हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर, अकोला, सगळीकडं मिला उभ्या राहिल्या, तुमच्या हिंगणघाटचा कापूस तर तेव्हा नावानं विकला जायचा. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात काम कापसाजवळ आलं. नंतर ते गणित उलटलं. कापड पॉवरलूमवर गेलं, इचलकरंजी-भिवंडी-मालेगावला, सूत तमिळनाडूत आणि गुजरातेत, जुन्या मिलांमध्ये नवीन मशीन कोणी टाकली नाही, सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, कापसाचा भाव वर गेला की सूत परवडेना आणि खाली आला की शेतकरी मेला. २००२ ला एम्प्रेस पण बंद झाली, आज त्या जागेवर मॉल आहे. अचलपूरची फिनले मिल तर अगदी अलीकडची नवीन मशीनची, सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची (एनटीसी), ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली आणि थांबलीच. आपल्या वावरातली पऱ्हाटी अजून तशीच फुटते, जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते, आणि गाठ ट्रकात बसून निघून जाते. गाठीच्या पुढचं जे काम होतं, पिंजायचं, कातायचं, विणायचं, ते गाठीसोबत गेलं. यात पोराच्या बाबांची चूक कुठं आहे? २१ वर्षं ज्यानं रिंग फ्रेम चालती ठेवली त्याची चूक कुठं आहे? हे त्यांना याच शब्दांत सांगा.

नवीन कारखाने आले नाहीत असंही नाही. बुटीबोरी आहे, चंद्रपूरकडं सिमेंट आणि कोळसा आहे, गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड निघून राहिलं, अमरावतीला नांदगाव पेठला कापडाचं मोठं पार्क व्हायचं आहे, पीएम मित्रा, त्याचं भूमिपूजन २०२४ च्या सप्टेंबरात वर्ध्यातूनच झालं. पण जिथून काम गेलं तिथं ते परत आलेलं नाही, दुसरीकडं गेलं, आणि आलं ते ठेकेदाराच्या हाताखालचं आलं, पंचवीसच्या आतलं पोरगं मागणारं. ४८ वर्षांचा फिटर त्या गेटवर गेला की "वय जास्त आहे काका" ऐकून परत येतो, आणि चार वर्षं काम सुटलेलं असलं की ते पण विचारतात, एवढे दिवस काय केलं. दोन-तीनदा असं झालं की माणूस गेटवर जाणंच सोडते. पोराचे बाबा कुठं कुठं जाऊन आले हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल, माझ्या बाबांनी आईला कधीच सांगितलं नव्हतं.

एक जुनी गोष्ट सांगते, फार लांबची आहे पण तुमच्या घरासारखीच आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं गाव, सगळं गाव एका कापडाच्या कारखान्यावर, तो १९३० च्या आसपास बंद झाला. मारी याहोदा नावाच्या बाई आणि त्यांचे सोबती तिथं गेले आणि बिनकामाच्या माणसांचं बारीक निरीक्षण केलं, अगदी रस्त्यानं माणसं कशी चालतात ते मोजलं. माणसं हळू चालायची, पुन्हा पुन्हा थांबायची, बऱ्याच जणांनी घड्याळ वापरणंच सोडलं होतं. वेळ भरपूर पण वाचनालयातून पुस्तकं आधीपेक्षा कमी जायला लागली. आणि बायका? बायका भरभर चालत होत्या, कारण त्यांना वेळच नव्हता, घर, पोरं, कमी पैशात रांधणं. हे वाचलं तेव्हा मला माझी आई दिसली आणि आज तुमचं पत्र वाचून तुम्ही दिसल्या. म्हणून म्हणते, ते सकाळी सातला आंघोळ करतात ना, ती मोडू देऊ नका, ती चांगली गोष्ट आहे, फक्त सात वाजता निघून पारावर न जाता कुठं जायचं हे ठरवायचं आहे.

पहिलं काम हिशोबाचं, आणि ते त्यांनाच करू द्या. हजेरी कार्ड, पगाराच्या चिठ्ठ्या, पीएफची स्लिप, ईएसआयसीचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, जे असेल ते एका प्लास्टिकच्या पिशवीत काढा. ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा आहे, शेवटचा पगार म्हणजे बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले जितकी वर्षं. समजा चिठ्ठीवर ९,००० असतील तर २१ वर्षांचे १,०९,००० रुपयांच्या थोडे वर होतात. गिरणी बंद केल्याची भरपाई त्याच्याशिवाय वेगळी असते, साधारण दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार. गिरणी सहकारी असेल आणि अवसायनात निघाली असेल तर अवसायक, म्हणजे बंद गिरणीचं देणं-घेणं मिटवणारा अधिकारी, कोण आहे ते नागपूरला वस्त्रोद्योग खात्याच्या ऑफिसात समजेल, खाजगी असेल आणि दिवाळखोरीत गेली असेल तर तेच काम करणारा लिक्विडेटर असते, दोघांकडंही कामगारानं स्वतःचा दावा लेखी टाकावा, सगळ्यांचं मिळून एक निवेदन दिलं म्हणजे झालं असं नाही. आणि ग्रॅच्युइटीसाठी वेगळा अर्ज करायचा, तो कुठं द्यायचा ते कामगार आयुक्तांच्या ऑफिसात विचारा. उशीर झाला म्हणून परत पाठवतील ही भीती ठेवू नका, उशिराचं कारण लिहून अर्ज घेता येते. पैसे लगेच येतील असं मी म्हणत नाही, लिलाव होईपर्यंत वर्षं जातात, पण दावाच नसला तर लिलावाच्या दिवशी यादीत नावच नसते.

पीएफचं वेगळं बघा. २१ वर्षं झाली म्हणजे पेन्शन लागू आहे, १० वर्षं झाली की हक्क बसते. ५८ ला पूर्ण पेन्शन, पाहिजे तर ५० पासूनही घेता येते पण मग ५८ ला जितकी वर्षं बाकी तितक्या वर्षांमागं ४ टक्के कापतात आणि ते कायमचं कापलं जाते, म्हणून माझं मत असं की ५० ला घाई करू नका, अगदीच गळ्यापर्यंत आलं तर बघा. ९,००० पगार धरला तर २१ वर्षांची पेन्शन महिन्याला २,९५० च्या जवळपास बसते, कारण २० वर्षं पूर्ण झाली की दोन वर्षं वाढवून धरतात. फार नाही, पण म्हातारपणी ते किराण्याचे पैसे आहेत आणि त्यांच्यामागं तुम्हालाही विधवा पेन्शन असते. बंद गिरणीत सह्या करायला कोणी नाही म्हणून लोक अडकतात, तर नोकरी सोडल्याची तारीख, शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाले की, कामगाराला स्वतः ऑनलाइन टाकता येते, यूएएन म्हणजे पीएफचा खाते नंबर आणि आधारवरचा मोबाईल नंबर चालू पाहिजे. आधारवर नाव एक आणि पीएफवर दुसरं, ही आपल्याकडची नेहमीची अडचण, ती आधी दुरुस्त करून घ्या. आणि टक्केवारीवर काम करून देतो म्हणणाऱ्या एजंटला एक कागद देऊ नका, पोरगा आयटीआयला आहे ना, तो बापाशेजारी बसून मोबाईलवर करेल, दोघांचं बोलणंही होईल.

(ज्यांची फॅक्टरी आत्ता महिन्या-दोन महिन्यांत बंद झाली त्यांनी ईएसआयसीच्या ऑफिसात अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचं लगेच विचारावं, योजना चालू असेल आणि बसत असेल तर ९० दिवसांपर्यंत रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मे मिळतात, आयुष्यात एकदाच. या ताईंना त्याला आता उशीर झाला.)

कामाचं बोलू. रोजानं जायची लाज वाटते म्हणतात त्यावर तुम्ही चिडल्या असाल, कारण तुम्ही रोज जाऊन राहिल्या, आणि ते चिडणं बरोबर आहे, तुम्ही एकट्यानं चार वर्षं घर ओढलं. पण मला वाटते ती लाज मजुरीची कमी आणि हातातलं कसब वाया गेल्याची जास्त असेल. म्हणून निंदायला चला असं म्हणू नका. हिंगणघाटला जिनिंग किती आहेत ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. दसरा-दिवाळी झाली की मार्च-एप्रिलपर्यंत जिनिंगचा सीझन असते आणि त्या सीझनमध्ये रेचा (सरकी काढायचं मशीन) बंद पडला की मालकाचा जीव वर-खाली होते, तिथं बेअरिंग, बेल्ट, रोलर समजणारा हात लागते आणि वय कोणी विचारत नाही. सीझनच्या आधी, मशीनची उघड-झाक चालते तेव्हाच, जाऊन भेटायला पाहिजे. डाळ मिल, तेलघाणी, थ्रेशर, हे सगळं त्याच हातानं दुरुस्त होते. सहा महिन्यांचं काम आहे, पक्की नोकरी नाही, पगार मिलसारखा नसेल, मान्य आहे. पण सकाळी सातला जायला ठिकाण झालं आणि संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास आला तर तो माणूस बदलते, हे मी पाहिलं आहे, बाबा शेवटच्या दोन वर्षांत फवारणीचे पंप दुरुस्त करायला लागले होते, दिवसाला चार पंप, आणि जेवताना बोलायला लागले होते. पाच वर्षं आधी सुरू केलं असतं असं मला अजून वाटते.

उरलेल्या सहा महिन्यांसाठी वावर आहे, तीन एकर तुम्ही एकट्या पाहता ते अर्धं त्यांनी घ्यावं, आणि हे मागायला लाजू नका. जाम चौफुलीवरून बुटीबोरीला अप-डाऊन करणारे पुष्कळ आहेत, पण त्यांच्या वयाला तिथं जे मिळते ते बहुतेक बारा तासांचं असते आणि जाणं-येणं धरून माणूस पंधरा तास बाहेर, म्हणून ते मी दुसऱ्या नंबरवर ठेवते. कर्ज काढून दुकान टाका, ही योजना ती योजना, जिल्हा उद्योग केंद्रात सबसिडी मिळते, असं कोणी म्हटलं तर सध्या नाही म्हणा. सबसिडी खरी असते, पण कर्जाचा हप्ता भरावाच लागते आणि आत्ता त्यांच्या मनाची ती तयारी नाही. एक वर्ष हात चालू द्या, मग तुमच्या नावानं बघा, बाईच्या नावानं सबसिडी जास्त बसते.

चाकण. भाऊ मनापासून बोलून राहिला हे समजते, पण सगळ्यांनी एकदम जाऊ नका. पोरगी दहावीत, पोराचं आयटीआय संपायला थोडे महिने, आणि तिकडं खोलीभाडं, गॅस, पाणी सगळं विकत. त्यांना ४८ व्या वर्षी सिक्युरिटीचा गणवेश घालून ज्या फॅक्टरीत स्वतः फिटर असायला पाहिजे होते तिच्या गेटवर उभं करायचं, काही माणसांना ते जमते, पण आत्ताच्या मनःस्थितीत घरापासून लांब, नाईट शिफ्टला एकटं, मला हे अजिबात बरं वाटत नाही. ते बरे झाले आणि स्वतः म्हणाले जातो, तर गोष्ट वेगळी. जायचंच असेल तर पोराला जाऊ द्या, आणि त्यालाही एकदम ठेकेदाराकडं नको, आधी अप्रेंटिस करू द्या. महावितरण, ऑर्डनन्स फॅक्टरी, एसटीचं वर्कशॉप, इथं आयटीआयवाल्यांची अप्रेंटिस भरती निघत असते, आयटीआयमधल्या सरांना विचारून पोर्टलवर नाव टाकून ठेवायला सांगा. दुसरं, सौर कृषी पंप आता गावोगावी बसून राहिले, पाच वर्षं दुरुस्ती लावणाऱ्या कंपनीकडंच असते, म्हणून त्या कंपन्यांना तालुक्याच्या ठिकाणी इलेक्ट्रिशियन पोरं लागतात. बाप फिटर आणि पोरगा इलेक्ट्रिशियन, मोटर, पंप, कंट्रोलर, एका घरात दोघं, याचा विचार त्या दोघांनी बसून करावा, मी फक्त कानावर घालते.

तुम्ही विचारलं बोलू का चुप राहू. बोला, पण पारावरून आल्या आल्या नाही आणि पोरांसमोर नाही. वावरात जाताना सोबत घ्या, धुऱ्यावर बसून बोला, चालता-काम करता माणसं जास्त बोलतात. "तुम्ही काहीच करत नाही" हे वाक्य नको. "मिल संपली असं मले वाटते, तुम्हाला काय वाटते?" एवढं विचारा आणि मग तुम्ही थांबा, लगेच पुढचं सांगायला जाऊ नका. कदाचित उठून जातील. कदाचित पहिल्यांदा रडतील. माझ्या आईनं हा प्रश्न कधीच विचारला नाही, तिला वाटायचं विचारलं तर ते मोडतील.

आणि तुमचं काय? पूर्ण पत्रात तुमच्याबद्दल दीड ओळ आहे. उन्हात वेचणी करून कमरेचं काय झालं ते तुम्ही लिहिलं नाही पण मला माहीत आहे. बचत गटात असाल तर तिथल्या एखाद्या बाईजवळ हे मन मोकळं करा, त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घरी याच गिरणीतला माणूस बसलेला असेल. त्यांना सोबत घ्या, चार-पाच घरांनी एकाच दिवशी जाऊन दावे टाकले तर गाडीभाडं वाटून जाते आणि ऑफिसात ऐकूनही घेतात.

अर्ज लिहायला बसाल तेव्हा पेन त्यांच्या हातात द्या. वर डाव्या कोपऱ्यात नाव, खातं, आणि टिकट नंबर म्हणजे मिलमधला कामगाराचा नंबर. टिकट नंबर कुठं शोधू नका, त्यांना विचारा, पाठ असेल. दोन प्रती करा, एक देऊन दुसरीवर पोच घ्या, आणि तारीख आणि शिक्का नीट उमटला का ते तिथंच उभं राहून पाहा.